ईदचा जर्दा: रंग केशराचा हवा, पुडीचा नको

महाराष्ट्रात 'जर्दा' म्हटलं की अर्ध्या लोकांना तंबाखू आठवते आणि अर्ध्यांना दस्तरखानावरचा गोड भात. दोन्हींचं नाव आलंय एकाच फारसी शब्दातून. 'जर्द' म्हणजे पिवळा. तंबाखूपासून लांब राहावं, हे सांगायला हा लेख नाही. हा लेख दुसऱ्या जर्द्याचा आहे. ईदला, वलीम्याला, साखरपुड्याला, मुलाचा कुरआन पूर्ण झाला की घरात शिजतो, आणि शेजारीपाजारी ताटलीवर रुमाल टाकून पोहोचवला जातो, तो.

या भाताचा पिवळा रंग एकेकाळी केशरातून, म्हणजे जाफरानातून यायचा. आज बहुतेक घरांत आणि जवळजवळ प्रत्येक दावतीच्या देगेत तो पुडीतून येतो. किराणा दुकानात मिळणारी 'जर्दा कलर'ची छोटी पुडी उकळत्या पाण्यात टाकली की पाच मिनिटांत भात भडक नारिंगी होतो. रंग येतो, पण खुशबू येत नाही. मग खुशबूसाठी इसेन्सची बाटली. असं करत करत आपल्या मुलांना वाटायला लागलंय की जर्दा म्हणजे नारिंगी भात. खरं म्हणजे केशराचा भात नारिंगी नसतोच. तो सोनेरी पिवळा असतो, आणि त्यात काही दाणे पांढरेही राहतात.

पाव ग्रॅम केशरात अर्धा किलो तांदळाचा जर्दा घरी सुंदर होतो. हे महाग वाटतं, पण तेवढं नाही. पद्धत माहीत असली पाहिजे, आणि केशर खरं असलं पाहिजे. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

जुना पदार्थ, जुनं प्रमाण

अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या 'आईने अकबरी'त शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी दिली आहे. त्यात 'जर्द बिरिंज' आहे. बिरिंज म्हणजे तांदूळ. त्याचं प्रमाणही दिलंय: दहा शेर तांदूळ, पाच शेर खडीसाखर, साडेतीन शेर तूप, बेदाणे, बदाम, पिस्ते, आणि दीड दाम केशर. दाम म्हणजे तेव्हाचं तांब्याचं नाणं, वजनाला साधारण २० ग्रॅम. त्यात थोडं मीठ, आलं आणि दालचिनीही आहे.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साखर तांदळाच्या निम्मी आहे. आपल्याकडे लग्नाच्या जर्द्यात तांदळाइतकीच साखर घालतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. मग एका वाटीत पोट भरतं आणि दुसरी वाटी कोणी मागत नाही. बादशहाच्या स्वयंपाक्याला साखर परवडत नव्हती असं नाही. केशराची चव नाजूक आहे, ती जास्त साखरेखाली दबून जाते.

आपल्या शेजारच्या हिंदू घरांत सणासुदीला होणारा साखरभात किंवा केशरी भात हाच या घराण्यातला. लवंग, केशर, लिंबू, साखर, तूप, सगळं तेच. कोकणात नारळी पौर्णिमेला ओला नारळ आणि गूळ घालून नारळी भात होतो. म्हणजे ताटलीवर रुमाल टाकून जर्दा पाठवला की पलीकडच्या घरात तो अनोळखी वाटत नाही.

केशर म्हणजे नेमकं काय

केशराच्या झाडाला जांभळं फूल येतं. त्या फुलाच्या मधोमध तीन लाल तंतू असतात. ते हाताने वेगळे करून वाळवले की केशर तयार होतं. एका फुलात तीनच तंतू. एक ग्रॅम केशरासाठी साधारण दीडशे फुलं लागतात, म्हणजे एका ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास काड्या. फूल खुडणं, तंतू सोडवणं, हे काम आजही हातानेच होतं. केशर महाग का, याचं उत्तर इथेच मिळतं.

भारतात केशर पिकतं मुख्यतः काश्मीरमध्ये. पुलवामा जिल्ह्यातलं पांपोर हे त्याचं सर्वात मोठं नाव. तिथल्या उंच, सपाट माळांना 'करेवा' म्हणतात. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे फुलं येतात, आणि सकाळी लवकर ती खुडावी लागतात. किश्तवाडमध्येही थोडं पीक येतं. २०२० साली काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळालं. पण जगातलं बहुतेक केशर इराणमध्ये पिकतं, आणि आपल्या बाजारातही इराणी केशर भरपूर असतं. ते वाईट नसतं. फक्त इराणी केशर 'काश्मिरी' म्हणून काश्मिरीच्या भावात विकलं, तर ती फसवणूक आहे.

दुकानात 'मोगरा' आणि 'लच्छा' असे दोन शब्द ऐकू येतात. मोगरा म्हणजे तंतूचा फक्त लाल भाग. लच्छ्यात लाल तंतूसोबत खालचा पिवळट देठही असतो. त्या पिवळ्या भागात रंग आणि वास कमी, म्हणून लच्छा स्वस्त असतो. घरी थोडंच लागतं, तेव्हा मोगरा घ्यावा.

केशरात तीन गोष्टी काम करतात. क्रोसिन रंग देतं आणि ते पाण्यात विरघळतं. पिक्रोक्रोसिनमुळे हलकी कडवट चव येते. सफ्रनाल खुशबू देतं, आणि ते उष्णतेने उडून जातं. या तीन नावांमध्ये स्वयंपाकाचे दोन नियम लपले आहेत. रंग सुटायला कोमट पाणी किंवा दूध आणि वेळ लागतो, म्हणून केशर आधी भिजवायचं. खुशबू उडते, म्हणून सगळं केशर सुरुवातीला उकळायचं नाही, थोडं शेवटी दमाला राखून ठेवायचं.

खरं की खोटं, घरी कसं ओळखायचं

काही वर्षांपूर्वी रमजानच्या गर्दीत मी केशराची एक डबी घेतली. दिसायला लालभडक, भाव निम्मा. चांदरातीला दुधात टाकलं तर दूध एका क्षणात लाल झालं आणि काड्या पांढऱ्या पडल्या. मक्याच्या कणसाचे केस रंगवून भरले होते. पैसे गेले त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं ते हे की तो रंग कसला होता, हे कळायला मार्ग नव्हता.

केशरात काय काय मिसळतात? मक्याचे रंगवलेले केस, केशराच्याच फुलाचे रंगवलेले दुसरे भाग, आणि करडईच्या फुलांच्या पाकळ्या. सोलापूर, मराठवाडा भागातल्या वाचकांना करडई सांगायला नको. तिची सुकलेली नारिंगी पाकळी लांबून केशरासारखीच दिसते. ती खाल्ल्याने काही होत नाही, पण केशराच्या भावात करडई घेणं म्हणजे पदरचे पैसे देऊन फसणं.

ओळखायच्या चार खुणा:

१. एका काचेच्या ग्लासात कोमट पाणी घ्या, दोन-तीन काड्या टाका. खरं केशर हळूहळू रंग सोडतं, आणि पाणी पिवळं होतं, लाल नाही. पंधरा-वीस मिनिटांनंतरही काडी लालच राहते. खोट्या केशराचा रंग झटकन सुटतो आणि काडी फिकी पडते.

२. काडी नीट पाहा. खऱ्या तंतूचं एक टोक तुतारीसारखं पसरट असतं. सगळ्या काड्या दोऱ्यासारख्या एकसारख्या असतील तर शंका घ्या.

३. चव घ्या. वास मधासारखा गोड, पण चव किंचित कडवट. काडी जिभेवर गोड लागली तर वजन वाढवायला काही लावलेलं असू शकतं.

४. पांढऱ्या कागदात दाबा. खरं केशर कोरडं असतं. तेलाचा डाग पडला तर समजून जा.

केशराची पावडर शक्यतो घेऊ नका. त्यात काय दळलंय ते कोणालाच कळत नाही. काड्या हवाबंद डबीत, अंधारात, गॅसपासून लांब ठेवा.

पुडीच्या रंगाचं काय

बाजारात परवाना असलेले खाण्याचे रंगही असतात आणि नसलेलेही. टार्ट्राझिन आणि सनसेट यलो हे मान्यताप्राप्त रंग आहेत, पण त्यांचा वापर ठराविक पदार्थांत आणि ठराविक मर्यादेतच करायचा असतो. मेटानिल यलो नावाचा रंग मात्र खाण्यासाठी नाहीच, त्याच्यावर बंदी आहे. तरी मिठाई आणि डाळींमध्ये त्याची भेसळ पुन्हा पुन्हा सापडते. सुट्या, विनालेबल पुडीत यातला कोणता रंग आहे हे तुम्हालाही कळत नाही आणि दुकानदारालाही. देगेत तो चमच्याने नव्हे, अंदाजाने पडतो. आणि जर्दा सर्वात जास्त कोण खातं? लहान मुलं.

पिवळा रंग हवाच असेल आणि केशर कमी असेल, तर हळद आहे. तांदूळ उकळायच्या पाण्यात पाव चमचा हळद टाकली तर दाणा पिवळा होतो, आणि पाणी गाळून टाकल्यामुळे गोड भातात हळदीचा वास फारसा जाणवत नाही. त्यावर दमाच्या वेळी थोडंसं खरं केशर. रंग हळदीचा, खुशबू केशराची. मोठ्या दावतीला ही तडजोड प्रामाणिक आहे.

तांदूळ कोणता

जर्द्याला जुना बासमती उत्तम. जुना तांदूळ सुकलेला असतो, पाणी पिऊन लांब होतो आणि मोडत नाही. नवा तांदूळ लवकर चिकटतो. आपला आंबेमोहोर खुशबूत कोणाला हार जात नाही, पण तो आखूड आणि मऊ, त्याचा मोकळा जर्दा होत नाही. तो खिरीला ठेवा. बासमती परवडत नसेल तर जुना कोलम चालतो, फक्त पाण्यात एक-दोन मिनिटं कमी ठेवून लक्ष द्यावं लागतं.

घरचा जर्दा: आठ-दहा माणसांसाठी

साहित्य:

- जुना बासमती तांदूळ ५०० ग्रॅम
- साखर ३५० ग्रॅम (कमी गोड हवा असेल तर २५०)
- साजूक तूप १०० ग्रॅम
- केशर पाव ग्रॅम, म्हणजे शंभरेक काड्या
- कोमट दूध अर्धी वाटी
- लवंगा ८, हिरवी वेलची ८, दालचिनीचा एक तुकडा, तमालपत्र १
- बदाम, काजू, पिस्ते मिळून १०० ग्रॅम, बेदाणे मूठभर, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मूठभर
- लिंबाचा रस एक चमचा, मीठ एक छोटा चमचा
- हवा असेल तर खवा १०० ग्रॅम आणि केवडापाणी एक छोटा चमचा

पहिलं काम, केशर. खलबत्त्यात केशराच्या काड्या आणि चिमूटभर साखर घालून खला. साखरेच्या कणांमुळे केशर बारीक होतं आणि रंग चांगला सुटतो. हे कोमट दुधात मिसळून झाकून ठेवा. दूध उकळतं नको, बोट सहन करेल एवढंच गरम. किमान अर्धा तास भिजू द्या. तांदूळ धुण्याआधी हे काम केलं तर वेळ वाया जात नाही.

दुसरं, तांदूळ. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा हलक्या हाताने धुवा आणि अर्धा तास भिजवा. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी उकळा. त्यात निम्म्या लवंगा, निम्मी वेलची, दालचिनी, तमालपत्र, मीठ आणि लिंबाचा रस घाला. पाण्याला खळखळून उकळी आली की तांदूळ सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बिर्याणीला आपण तांदूळ कच्चट काढतो, कारण तो पुढे दमात शिजतो. जर्द्यात तसं करायचं नाही. तांदूळ पूर्ण शिजवायचा. दाणा दोन बोटांत दाबला तर आत पांढरी कणी राहता कामा नये. साधारण आठ ते दहा मिनिटं लागतात. शिजला की लगेच चाळणीत ओता, पाणी निथळू द्या, आणि मोठ्या परातीत पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या.

तिसरं, मेवा आणि पाक. जाड बुडाच्या पातेल्यात तूप गरम करा. बदाम, काजू, पिस्ते आणि खोबरं हलकं गुलाबी तळून काढा, शेवटी बेदाणे फुगवून काढा. त्याच तुपात उरलेल्या लवंगा आणि वेलची टाका. साखर आणि पाऊण वाटी पाणी घाला. साखर विरघळून पाक बोटाला चिकट लागला की पुरे. एकतारी होऊ देऊ नका. पाक घट्ट झाला तर भात थंड झाल्यावर दगड होतो. आता भिजवलेल्या केशरातलं निम्मं दूध पाकात टाका.

चौथं, मिसळणं. तांदूळ पाकात सोडा आणि पसरट उलथन्याने कडेकडेने, खालून वर असं हळू फिरवा. मधोमध ढवळू नका, दाणे मोडतात. मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा. सुरुवातीला पाणी सुटल्यासारखं दिसेल, घाबरू नका. ते बहुतेक आटलं पाहिजे.

पाचवं, दम. उरलेलं केशराचं दूध भातावर चार-पाच ठिकाणी सोडा, सगळीकडे पसरवू नका. निम्मा मेवा वर घाला. पातेल्याखाली तवा ठेवा. झाकणाला ओलं फडकं गुंडाळा किंवा कडेला कणीक लावा. अगदी मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका. मग केवडापाणी शिंपडा, खवा कुस्करून घाला, एकदाच हलक्या हाताने वरखाली करा. काही दाणे सोनेरी, काही फिके, काही पांढरे. हा दोष नाही, खऱ्या केशराची ही सही आहे.

हमखास होणाऱ्या चुका

*दाणे कडक होतात.* लग्नानंतरच्या पहिल्या ईदला माझा जर्दा असाच झाला होता. बिर्याणीच्या सवयीने तांदूळ कच्चट काढला, वर साखर घातली, आणि मग कितीही दम दिला तरी दाणा मऊ होईना. घरात कोणी काही बोललं नाही. शेजारच्या खालांनी एक दाणा दाताखाली धरला आणि हसून म्हणाल्या, "बेटी, साखरेची घाई केलीस." त्या एका वाक्यात सगळं होतं. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे तांदळातला स्टार्च पुढे फुलत नाही. साखर पडली की तांदळाचं शिजणं जवळजवळ थांबतं. म्हणून आधी शिजवणं, मग साखर.

*भात गोळा होतो.* तांदूळ नवा असतो, नीट धुतलेला नसतो, किंवा न निथळता गरमागरम पाकात टाकलेला असतो.

*खालून लागतो.* तवा ठेवायला विसरलात, किंवा पाक आटण्याआधीच आच कमी न करता झाकण घातलं. साखर तांदळापेक्षा लवकर करपते.

*रंग येतो, खुशबू नाही.* सगळं केशर पाकातच उकळलं. निम्मं दमाला राखा.

*कडवट लागतो.* केशर जास्त झालं. केशर जितकं जास्त तितकं चांगलं, हा गैरसमज आहे.

गोड नको असेल तर

ज्या घरात शुगरचे पेशंट आहेत तिथे केशराची हौस तिखटमिठाच्या भातातही पुरी होते, पण तोही भातच आहे, तेव्हा वाटी लहानच ठेवा. उभा चिरलेला कांदा तुपात लाल करा, खडा मसाला घाला. भिजवलेला तांदूळ दोन मिनिटं परता. एक वाटी तांदळाला पावणेदोन वाटी उकळतं पाणी किंवा मटणाची यखनी, चवीपुरतं मीठ, आणि झाकण. पाणी आटत आलं की केशराचं दूध वर सोडून दहा मिनिटं दम. कोर्म्यासोबत हा केशरी पुलाव फार छान लागतो.

एक गैरसमज आणि एक हिशोब

आपल्याकडे गरोदर मुलीला केशर-दूध देतात, बाळ गोरं व्हावं म्हणून. केशराने बाळाचा रंग बदलत नाही. तो आई-वडिलांकडून येतो, आणि कोणताही रंग चांगलाच असतो. स्वयंपाकातली चिमूट कोणालाही चालते. औषध म्हणून रोज जास्त घ्यायचं असेल, तर गरोदरपणात विशेषतः, आधी डॉक्टरांना विचारा.

आता हिशोब. खऱ्या केशराची एक ग्रॅमची डबी काही शे रुपयांना येते. अर्धा किलो तांदळाला पाव ग्रॅम धरलं तर एका डबीत चार वेळा जर्दा होतो. दोन्ही ईद, एखादी दावत, आणि एकदा नुसतं मुलांनी हट्ट केला म्हणून. वर्षभराचं काम एका डबीत भागतं. पाच किलोची देग लावायची असेल तर अडीच ग्रॅम लागेल. तेवढं जमत नसेल तर एक ग्रॅम केशर आणि हळद. पण भटारखान्याच्या उस्तादला आधीच सांगून ठेवा, "पुडी नको, रंग फिका चालेल." तुम्ही सांगितलं नाही तर तो टाकणारच, कारण भडक रंगाची फर्माईश आजवर आपणच करत आलो.

या ईदला एकदा करून पाहा. भात पहिल्यासारखा नारिंगी दिसणार नाही, आणि कोणीतरी विचारेलच, "रंग कमी पडला का?" त्यांना काही समजावत बसू नका. झाकण उघडून पातेलं त्यांच्यासमोर धरा. वाफ वर येऊ द्या. उत्तर त्यातच आहे.